डिस्प्ले येत नाही? मॉनिटर दुकानात न्यायच्या आधी घरी काय तपासाल

पावसाळा लागला की आमच्याकडे फोनवर एकच वाक्य सारखं ऐकू येतं: "सीपीयू चालू होतो, पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही." मॉनिटर गेला असं धरून माणसं तो चादरीत गुंडाळतात, एसटीत नाहीतर रिक्षात घालतात आणि भर पावसात वाडीतून तालुक्याला आणतात. दुकानात दुसरी केबल लावली की तो लगेच लागतो. मग परतीचं भाडं वेगळं.

काळ्या स्क्रीनमागे मॉनिटरचा स्वतःचा दोष कमी वेळा असतो. बहुतेकदा त्याला समोरून सिग्नलच मिळत नाही, म्हणून तो झोपतो. आणि आपल्या कोकण किनाऱ्यावर सिग्नल न मिळण्याचं कारण शोधायचं तर जळलेल्या पार्टच्या आधी ओल धरलेला, खारावलेला जोड शोधावा. म्हणून खाली दिलेला क्रम सोडू नका. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी, स्क्रूड्रायव्हर लागतो ते नंतर, आणि दुकान सगळ्यात शेवटी.

हात लावण्याआधी

ओल्या हातांनी, ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून प्लग काढू-घालू नका. बाहेर गडगडत असेल तर तपासणी उद्यावर टाका. मॉनिटरचं मागचं झाकण आणि सीपीयूमधला एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याचा) डबा घरी उघडायचा नाही, कारण प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर काही काळ चार्ज धरून असतात. सीपीयूच्या कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढायला हरकत नाही, पण वायर भिंतीतून काढल्यावरच.

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात शिरलं तसं पुराचं पाणी घरात येऊन वस्तू बुडाली असेल, तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी नाहीत. वरून सुकलेली दिसली तरी "एकदा लावून बघू" करू नका. आत गाळ बसलेला असतो आणि वीज दिली की शॉर्ट होतो. न लावता आणलेला बोर्ड धुऊन, सुकवून वाचण्याची आशा असते; लावून जळलेल्याची नसते.

पहिली पायरी: दिवा काय सांगतो

मॉनिटरच्या खालच्या कडेला किंवा पॉवर बटणाजवळ एक बारीक दिवा असतो. पुढचा सगळा रस्ता तो ठरवतो. मॉडेलनुसार रंग बदलतात, पण ढोबळमानाने तीन अवस्था असतात.

दिवा अजिबात नाही, म्हणजे मॉनिटरपर्यंत वीज पोचत नाही किंवा त्याचा स्वतःचा पॉवर सप्लाय गेला.

दिवा केशरी आहे किंवा उघडझाप करतो आहे, म्हणजे मॉनिटर जिवंत आहे आणि सिग्नलची वाट बघतो आहे. पावसाळ्यातली बहुसंख्य प्रकरणं या गटातली.

दिवा निळा, पांढरा किंवा हिरवा, म्हणजे मॉनिटरच्या मते सगळं ठीक चाललंय, तरी स्क्रीन काळी. इथे मागचा उजेड, म्हणजे बॅकलाइट, गेलेला असतो, नाहीतर कॉम्प्युटर खरोखरच काळं चित्र पाठवत असतो. कधीकधी घरातल्या पोरांनी मेनूत शिरून ब्राइटनेस शून्यावर नेलेला असतो, तेही बघून घ्या.

काही मॉनिटरमध्ये दिवा मेनूतून बंद करण्याची सोय असते. तेव्हा दिवा नाही म्हणून लगेच निकाल देऊ नका. मेनूचं बटण दाबून काही उमटतं का ते बघा.

दिवाच नसेल तर

मॉनिटरची पॉवर कॉर्ड एक्स्टेंशन बोर्डातून काढून थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा, आणि त्याच सॉकेटवर मोबाइलचा चार्जर लावून वीज येते याची खात्री करा. एक्स्टेंशन बोर्डातल्या पितळी पट्ट्या दमट हवेत काळ्या पडतात आणि सैल होतात. बोर्डाचा स्वतःचा दिवा लागतो, पण प्लगला पकड मिळत नाही, असं सर्रास होतं.

कॉर्डचं दुसरं टोक मॉनिटरच्या पाठीत पूर्ण आत गेलंय का बघा. टेबल सरकवताना, झाडू मारताना ते अर्धं बाहेर येतं आणि समोरून कळत नाही. ही तीन भोकांची कॉर्ड सीपीयूला आणि मॉनिटरला बहुतेक वेळा एकाच प्रकारची असते, म्हणून अदलाबदल करून बघता येते.

तुमच्या मॉनिटरला बाहेरून अडॅप्टर असेल तर त्यावरचं लेबल वाचा. आउटपुट किती व्होल्ट आणि किती अँपिअर, हे मॉनिटरच्या मागे छापलेल्या आकड्यांशी जुळलं पाहिजे. १२ व्होल्टच्या मॉनिटरला १९ व्होल्टचा अडॅप्टर पिन बसते म्हणून लावलात तर मॉनिटर जाऊ शकतो. व्होल्ट तोच हवा. अँपिअर तेवढा किंवा जास्त चालतो. लेबलवर छापलेली पिनची आतली-बाहेरची प्लस-मायनसची खूणही जुळवा.

सगळं करूनही दिवा नाही, तर वायर काढा, मॉनिटरचं पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा आणि पुन्हा लावा. व्होल्टेजचा झटका बसल्यावर काही पॉवर सप्लाय स्वतःला बंद करून घेतात आणि असे सुटतात. नाही सुटला तर पॉवर बोर्डाचं काम आहे, ते दुकानातच.

दमट हवेतला आणखी एक प्रकार. मॉनिटर आपोआप बंद-चालू होतो किंवा कुणी हात न लावता मेनू उघडतो. कडेच्या बारीक बटणांच्या आत ओल गेली की ती न दाबताच दाबल्यासारखी वागतात. दोन-चार दिवस रोज तासभर कोरड्या खोलीत चालू ठेवल्यावर बऱ्याचदा हा त्रास जातो. नाही गेला तर बटणांची पट्टी बदलावी लागते, आणि ते मोठं काम नाही.

दिवा केशरी असेल तर: केबल काढून परीक्षा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. मॉनिटरची पॉवर तशीच राहू द्या. सीपीयूकडून येणारी चित्राची केबल, एचडीएमआय असो, व्हीजीए असो की डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरच्या बाजूने काढा. आता मॉनिटर बटणाने बंद करून पुन्हा चालू करा आणि पहिले काही सेकंद नजर हलवू नका.

कंपनीचा लोगो, "नो सिग्नल", "चेक केबल" किंवा रंगीत पट्ट्यांची तरंगती चौकट, यातलं काहीही दिसलं तर मॉनिटर बरा आहे. पॅनेल, बॅकलाइट, त्याचा बोर्ड सगळं चालतंय. एसटीचं तिकीट वाचलं. दोष केबलमध्ये, पोर्टमध्ये किंवा सीपीयूत आहे. शंका असेल तर दुसरा लॅपटॉप किंवा सेट टॉप बॉक्स एचडीएमआयने लावून बघा.

फोनवर हे सांगताना बोलणं साधारण असं होतं. पलीकडून सेवा केंद्र चालवणाऱ्या ताई:

"दादा, पट्ट्या दिसल्या नि लगेच गेल्या. म्हणजे मॉनिटर गेला ना?"

"नाही ताई, मॉनिटर चांगलाय. त्याला काही मिळत नाहीये म्हणून तो झोपतोय. आता केबल परत लावा, आणि कडेच्या बटणांवर इनपुट किंवा सोर्स लिहिलेलं आहे का बघा."

हे इनपुटचं बटण पुष्कळ जण विसरतात. मॉनिटरला दोन-तीन पोर्ट असतात आणि तो एका वेळी एकाचंच ऐकतो. केबल एचडीएमआयमध्ये आणि मॉनिटर ऐकतोय व्हीजीएचं, असं झालं की तो "नो सिग्नल" दाखवून झोपणारच. मेनूत सोर्स ऑटोवर न ठेवता जी केबल लावली आहे तेच नाव निवडा.

सीपीयूमागे केबल कुठे लावली आहे?

सीपीयूच्या पाठीमागे बघा. कीबोर्ड-माऊसचे पोर्ट आहेत त्या वरच्या गठ्ठ्यात एचडीएमआय किंवा व्हीजीए असेल तर तो मदरबोर्डचा. त्याच्या खाली, आडव्या पट्टीत वेगळे पोर्ट असतील तर ते ग्राफिक्स कार्डाचे. कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावायची. साफसफाई करताना सगळ्या वायरी काढून परत लावताना ती मदरबोर्डला जाते, आणि मग सगळं चालू, फक्त चित्र नाही.

प्रोसेसरचं नावही उपयोगी पडतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या आकड्यापुढे एफ अक्षर असतं त्यात ग्राफिक्स नसतं. एएमडीच्या ७००० मालिकेच्या आधीच्या डेस्कटॉप रायझनपैकी बहुतेकांची तीच गत; नावात जी असलेले अपवाद. अशा मशीनमध्ये मदरबोर्डच्या पोर्टला केबल लावून जन्मभर वाट बघितली तरी चित्र येणार नाही.

केबल बदलून बघायची ती चालणाऱ्या दुसऱ्या जागेवरून काढलेली. नवीन पाकिटातलीही खराब निघते. आणि कन्व्हर्टर वापरत असाल तर त्याला दिशा असते हे लक्षात घ्या. एचडीएमआयमधून व्हीजीए करणारा छोटा डबा उलट्या बाजूने चालत नाही. डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआयची साधी केबलही कॉम्प्युटरच्या डिस्प्लेपोर्टमधून मॉनिटरच्या एचडीएमआयकडेच चालते. बाजारात दोन्ही एकाच खोक्यात पडलेले असतात आणि दुकानदार विचारत नाही, तेव्हा तुम्हीच विचारा.

खारी हवा आणि जोड

इथे जरा थांबतो, कारण पुण्या-नाशिकच्या माणसाने लिहिलेल्या मार्गदर्शकात हे सापडणार नाही.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते धुळीबरोबर सगळीकडे बसतात, पोर्टमध्येही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता दिवसचे दिवस त्याच्या वरच असते. म्हणजे दोन पिनांच्या मध्ये खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो, आणि तो तांब्या-पितळेला खातो, सिग्नलही गळवतो. वेंगुर्ला, मालवण, देवगड, हर्णै अशा अगदी काठावरच्या घरांत हे जास्त. घाटाच्या पायथ्याला मीठ कमी, पण ओल तितकीच.

व्हीजीएची केबल काढून टॉर्चच्या उजेडात बघा. तीन ओळींत १५ पिना असतात. (एखादी पिन मुळातच नसते, त्याने घाबरू नका.) चांगली पिन चकचकीत असते. खराब झालेली मुळाशी हिरवट दिसते, आणि स्क्रूच्या नटाभोवती पांढरी-हिरवी पूड जमते. तशी दिसली तर केबल फेका, तिच्यावर मेहनत करू नका. नवीन फार महाग नाही. पोर्टमध्ये ती पूड असेल तर मात्र साफ करावं लागतं.

त्यासाठी मेडिकलमध्ये किंवा मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. जितकं शुद्ध तितकं बरं, कारण उरलेला भाग पाणीच असतं. सगळ्या वायरी भिंतीतून काढलेल्या असताना जुन्या, पण कोरड्या मऊ टूथब्रशला थोडंसं लावून पोर्टवर हलक्या हाताने फिरवा आणि पंख्याखाली अर्धा तास सुकू द्या. सॅनिटायझर, अत्तर, रॉकेल, खोबरेल यातलं काहीही नको. लोक करतात म्हणून सांगतो.

एचडीएमआयच्या १९ पिना इतक्या बारीक आणि आत असतात की ब्रशने फार काही होत नाही. तिथे वायर काढलेल्या अवस्थेत केबल पाच-सहा वेळा सरळ आत-बाहेर करा. घासून वरची पापुद्री निघते आणि पुष्कळदा चित्र येतं. ते पंधरा दिवसांत पुन्हा गेलं तर समजा की पोर्ट गंजतो आहे, आणि दुसरा पोर्ट वापरायला लागा.

पोर्टमध्ये टॉर्च मारलात की कधी मातीचा गोळा दिसतो. हे कुंभारीण माशीचं काम. रिकामं भोक दिसलं की ती त्यात घर बांधते, मग ते भिंतीतलं सॉकेट असो की न वापरलेला पोर्ट. सुकलेली माती लाकडी टूथपिकने, वीज बंद ठेवून, कण-कण करून काढा. ओली करून काढायला गेलात तर चिखल पिनांत जाईल. न वापरलेल्या पोर्टांवर रबरी टोपी लावणं हा यावरचा साधा उपाय. टोपी नसेल तर कागदी चिकटपट्टीही चालते.

सीपीयू खरंच चालू झालाय का?

पंखा फिरतो म्हणजे कॉम्प्युटर चालू झाला असं नव्हे. कीबोर्डवरचं नम लॉक किंवा कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो तर आत काहीतरी जिवंत आहे आणि अडचण चित्रापुरती आहे. दिवा अडकला असेल किंवा लागतच नसेल तर मशीन सुरुवातीलाच अडकलं आहे, आणि पहिला संशय रॅमवर, म्हणजे मदरबोर्डवर खोचलेल्या मेमरीच्या पट्टीवर.

रॅमचे सोनेरी संपर्क किनाऱ्यावर फार लवकर मंद होतात. सीपीयूची वायर भिंतीतून काढा, पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज निघून जाईल. बाजूचं झाकण काढा. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला एकदा हात लावा, अंगातली स्टॅटिक वीज उतरते. रॅमच्या दोन्ही टोकांची (काही बोर्डांवर एकाच टोकाची) कळ दाबून पट्टी सरळ वर ओढा. कडेचे सोनेरी दात मऊ पांढऱ्या खोडरबराने दोन्ही बाजूंनी हलकेच घासा. खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका, लांब धरून ब्रशने झटका. बोटं दातांना लावू नका. घामातही मीठच असतं. मग पट्टीतली खाच स्लॉटशी जुळवून दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत दाबा. जोर बऱ्यापैकी लागतो, अर्धवट बसलेली रॅम हेच कित्येकदा मूळ दुखणं असतं.

दोन पट्ट्या असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी, मग स्लॉट बदलून. डीडीआर ५ रॅमचं नवीन मशीन असेल तर रॅम हलवल्यानंतर पहिल्यांदा चालू होताना ते काही मिनिटं काळ्या स्क्रीनवर बसून राहतं. त्याला वेळ द्या. अधीर होऊन बटण दाबत राहिलात तर ते दर वेळी पहिल्यापासून सुरू करतं.

बऱ्याच नव्या मदरबोर्डांवर सीपीयू (इथे फक्त प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट अशी नावं लिहिलेले चार बारीक दिवे असतात. ज्याच्यासमोरचा दिवा लागून राहतो तिथे गाडं अडलं आहे. जुन्यांत बीप वाजतात, पण त्यांचा अर्थ बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या) कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून कुठलाही एक तक्ता पाठ करण्यात अर्थ नाही. बीप मोजून, लांब-आखूड लिहून ठेवा आणि मेकॅनिकला सांगा.

याच वेळी मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरीही बघा. सीआर २०३२ असं तिच्यावर कोरलेलं असतं, ३ व्होल्टची. कॉम्प्युटर दर वेळी तारीख विसरत असेल तर ती संपलेली आहे. ती काढून, वायर काढलेल्या अवस्थेतच पाच मिनिटं थांबून नवी घातली की बायोसच्या सेटिंग्ज मूळ जागी येतात. मशीनमध्ये विंडोजचं बिटलॉकर (डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर मात्र त्यानंतर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती हाताशी नसेल तर ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हा प्रयोग करू नका.

चालू होतो, पण झोपेतून उठत नाही

चहा घेऊन येईपर्यंत स्क्रीन काळी, माऊस हलवला तरी ढिम्म. हा वेगळा आजार आहे आणि इथे हवेचा काही दोष नाही.

आधी कीबोर्डची एखादी कळ दाबा, मग सीपीयूचं पॉवर बटण एकदाच, हलकेच. जोरात दाबून धरलंत तर मशीन बंदच होईल. तरी चित्र नाही तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. विंडोज १० आणि ११ मध्ये याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर (चित्र सांभाळणारा प्रोग्राम) नव्याने सुरू होतो, एक छोटा बीप येतो आणि कित्येकदा स्क्रीन परत येते. उघडी कामं जात नाहीत, त्यामुळे हे करून बघायला भीती नाही.

प्रोजेक्टर किंवा दुसरी स्क्रीन लावलेली असेल तर विंडोज आणि पी दाबा. शाळेत प्रोजेक्टरवर दाखवून झाल्यावर "सेकंड स्क्रीन ओन्ली" तसंच राहतं आणि घरी आल्यावर लॅपटॉप काळा दिसतो. काही दिसत नसताना विंडोज-पी दाबून क्षणभर थांबा, खालचा बाण एकदा आणि एंटर. चित्र नाही आलं तर पुन्हा तेच.

डिस्प्लेपोर्टवरच्या काही मॉनिटरना झोप लागली की ते कॉम्प्युटरच्या दृष्टीने गायबच होतात आणि उठवायला कुणी उरत नाही. मॉनिटरच्या मेनूत डीप स्लीप असा पर्याय असेल तर तो बंद करा. नसेल तर सोर्स ऑटोवरून काढून डिस्प्लेपोर्टवर पक्का करा. त्यानेही भागलं नाही तर एचडीएमआय वापरा आणि विषय सोडून द्या.

त्रास रोजचाच असेल तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन स्लीप "नेव्हर" करा, फक्त स्क्रीन बंद होण्याची वेळ ठेवा. मॉनिटर विझतो, कॉम्प्युटर जागा राहतो, उठवायचा प्रश्नच येत नाही. वीज थोडी जास्त जाते. मग सवडीने ग्राफिक्सचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घालून बघा.

आणखी एक: विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हे. सिस्टीमचा काही भाग डिस्कवर जपून ठेवला जातो आणि बिघाडही त्याच्याबरोबर जपला जातो. रीस्टार्ट केल्यावरच ती पाटी कोरी होते.

लोगो दिसतो, मग काळं

सुरुवातीचा लोगो दिसून विंडोज उघडताना स्क्रीन जात असेल तर मॉनिटर, केबल, रॅम बहुतेक निर्दोष सुटले. दोष ड्रायव्हरचा किंवा झेपत नाही इतक्या रिझोल्यूशन-रिफ्रेश रेटचा. "आउट ऑफ रेंज" असं उमटलं तर नक्कीच. एचडीएमआय १.४ वर फोर-के चित्र ३० हर्ट्झपर्यंतच जातं. ६० हवं तर २.० लागतं, आणि केबलही त्या ताकदीची हवी.

उपाय सेफ मोडचा. विंडोज उघडताना पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा केल्यावर दुरुस्तीचा निळा पडदा येतो. त्यात ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि मग ४ दाबा. सेफ मोडमध्ये चित्र आलं की डिव्हाइस मॅनेजरमधून ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून टाका आणि रीस्टार्ट करा.

दिवा निळा, स्क्रीन काळी: टॉर्चची परीक्षा

खोलीत अंधार करा. कॉम्प्युटर चालू ठेवून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ, तिरका धरा. आत अंधुक आयकॉन, टास्कबार दिसले तर चित्र येतंय, मागचा उजेड गेला. जुन्या, जाड मॉनिटरमध्ये बॅकलाइटला बारीक ट्यूब असतात. त्या आधी गुलाबी पडतात, मग चालू केल्यावर दोन सेकंद चित्र दाखवून विझतात. नव्यांत एलईडीच्या पट्ट्या असतात.

इथे माझं मत स्पष्ट आहे: जुन्या ट्यूबवाल्यावर खर्च करू नका. एलईडी पट्टी बदलून मिळते, पण त्यासाठी पॅनेल सोडवावं लागतं आणि त्यात ते तडकण्याचा धोका असतो. मॉनिटर लहान असेल तर नव्याची किंमत विचारून मगच होकार द्या. उलट कपॅसिटर फुगल्यामुळे पॉवर बोर्ड गेला असेल तर ती दुरुस्ती स्वस्त आणि टिकाऊ असते, ती जरूर करून घ्या.

वीज, इन्व्हर्टर, विजा

मे महिन्यातला वळीव आणि परतीचा पाऊस हे विजांचे दिवस. तेव्हा नुसता स्विच बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. आणि प्लग काढून लोक निर्धास्त होतात, पण इंटरनेटची लॅन केबल आणि सेट टॉप बॉक्सची वायर तशीच राहते. झटका तिकडूनही येतो. विजेच्या पावसानंतर मॉनिटरचा फक्त एचडीएमआय पोर्ट मेला आणि व्हीजीए चालू राहिला, असं दिसलं तर कारण बहुधा हेच. ब्रॉडबँड फायबरचा असला तरी राउटरपासून पुढे कॉम्प्युटरपर्यंत तांब्याचीच वायर असते.

स्पाइक बस्टरला अर्थिंग लागतं. जांभ्यात पाणी ठरत नाही, उन्हाळ्यात जमीन ठणठणीत कोरडी होते आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. एप्रिल-मेमध्ये त्यात बादलीभर पाणी घालत जा, आणि इलेक्ट्रिशियनकडून वर्षातून एकदा तपासून घ्या. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन कापून टाकणाऱ्यांना काय बोलावं!

इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालत असेल तर मोड यूपीएसवर हवा. दुसऱ्या मोडमध्ये लाईट गेल्यावर बदल व्हायला थोडा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात सीपीयू रीस्टार्ट होतो. स्क्वेअर वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर काही चांगले एसएमपीएस कुरकुर करतात किंवा बंद पडतात; मग दोष मॉनिटरला जातो. साइन वेव्हचा घ्या.

बंद घरातला कॉम्प्युटर

चाकरमानी मंडळी मे संपला की घराला कुलूप लावून मुंबईला जातात आणि चतुर्थीला परततात. अडीच-तीन महिने ओल खाल्लेला कॉम्प्युटर घरात पाऊल टाकल्याबरोबर चालू करू नका. आधी खिडक्या उघडा, मागून-पुढून बघा: पालीची अंडी, मुंग्यांची वारुळं, बुरशी. कॅबिनेटचं झाकण काढून एक दिवस पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. केबल सगळ्या काढून पुन्हा लावा, रॅमला खोडरबर मारा आणि मगच वीज द्या. पहिल्यांदा तासभर चालू ठेवा. स्वतःच्या उष्णतेने आतली ओल निघते. जाताना प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवण्यापेक्षा सुती कापड झाकून, भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून उंच ठेवलेला बरा. पिशवीत बांधायचाच असेल तर सिलिका जेलच्या पुड्या भरपूर टाका.

तरीही दुकान गाठायचं असेल तर

आधी फोन करा आणि एवढं सांगा: दिव्याचा रंग, केबल काढल्यावर काय दिसलं, नम लॉकचा दिवा बदलतो का, टॉर्चमध्ये काही दिसतं का, आणि बिघाडाच्या आधी विजा किंवा लाईटची ये-जा झाली होती का. यावरून सीपीयू आणायचा की मॉनिटर हे फोनवरच ठरतं. केबल परीक्षेत मॉनिटर पास झाला असेल तर तो घरीच राहू द्या, फक्त सीपीयू आणि केबल आणा.

मॉनिटर आणायचा झालाच तर स्टँड काढा, स्क्रीनवर जाड पुठ्ठा ठेवून मगच चादर गुंडाळा आणि बाहेरून प्लास्टिक. एसटीत तो मांडीवर उभा धरा. आडवा ठेवून त्यावर फणसाची गोण आली की टॉर्च मारायचीही गरज उरत नाही. आणि अडॅप्टर बरोबर घ्यायला विसरू नका. तो घरी राहिला की मेकॅनिक तपासणार कशावर?